शून्याखालचे दोन गॅलन

मंगळवार, ३ सप्टेंबर

आज बाबा बाजारातून परतले ते वाफेच्या ढगात बसून. बॉनेटच्या फटीतून फुसफुस चाललेली, खाली हिरवट पाणी टपकतंय आणि हे आत स्वस्थ बसून शीळ घालतायत. मी स्वयंपाकघरातून तशीच धावले, हातात अर्धा सोललेला बटाटा.

"बाहेर या आधी! पेट घेईल गाडी!"

"काही होत नाही गं. काटा बघ की. थंडगार आहे."

तापमानाचा काटा खरंच तळाशी झोपलेला होता. इंजिनावर अंडं तळता आलं असतं आणि काटा म्हणतोय थंड! शेजारचा पेट्रोलचा काटाही शून्यावर. पेट्रोलपण संपलंय, असं मी म्हटलं तर बाबा हसले. "शून्याखाली दोन गॅलन असतात, बेव्ह. या गाडीचं तसंच आहे."

बाबांचं वय एक्क्याऐंशी, गाडीचं त्रेपन्न. गाडी इतकी जुनी की वार्षिक तपासणीतून तिला सूट आहे, आणि बाबांना तपासायची कुणाची छाती नाही. आई गेल्यावर मी इथे दोन आठवड्यांसाठी म्हणून आले, त्याला दीड वर्ष झालं.

दर गुरुवारी ते याच गाडीतून टॉल्सी बेटावर जातात. आई तिथलीच, तिथेच पुरली आहे. आधी पबमध्ये डॉमिनोज, मग तिला फुलं. बेटाचा दोन मैलांचा रस्ता दिवसातून दोनदा समुद्राखाली जातो. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलंय आणि मी ते बाबांपेक्षा जास्त वेळा वाचते. हे मात्र निघणार अगदी शेवटच्या वीस मिनिटांत, त्यांच्या मर्दुमकीला शोभेल असं. रस्त्याच्या मधोमध इंजिन तापून बंद पडलं आणि काटा 'थंड' म्हणत राहिला तर? हा विचार डोक्यात शिरला तो आता जायला तयार नाही.

बुधवार, ४ सप्टेंबर

जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या नॉर्मन ब्लायना फोन केला. सत्तरी ओलांडलीय, जन्मभर गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय आणि फोनवर बोलताना सतत काहीतरी चघळत असतात.

"एकच काटा खोटं बोलत असेल तर काटा खराब," ते म्हणाले. "दोन्ही एकाच बाजूला खोटं बोलत असतील तर त्यांना वीज देणारा खराब. डॅशबोर्डच्या मागे काडेपेटीएवढी पत्र्याची डबी असेल. स्टॅबिलायझर. बॅटरी बारा व्होल्ट देते, तो काट्यांना दहाच पोचवतो. तुझा कंजूष झालाय, आठ देत असेल."

"मला जमेल?"

"विजेला भितेस का?"

"मी सगळ्यालाच भिते."

"मग जमेल. न भिणारेच गाड्या जाळतात."

जेवताना बाबांना म्हटलं, नॉर्मनकडून डॅशबोर्ड नीट करून घेऊ या का? त्यांनी काटा-चमचा खाली ठेवला. "बॉनेटखाली काय करायचं ते करा. डॅशबोर्डला हात लावायचा नाही."

"पण तो चुकीचं—"

"मला माहीत आहे तो काय दाखवतो ते. विषय संपला."

इतक्या चिडक्या आवाजात ते आईशीसुद्धा कधी बोलले नसतील. जुन्या वस्तूंच्या बाबतीत त्यांचं हे असंच. गॅरेजच्या फळीवर फ्यूजच्या डब्याशेजारी आईची लाल नेलपॉलिशची बाटली आहे, तीसुद्धा टाकू देत नाहीत. गंमत म्हणजे आईने नखं रंगवलेली मी जन्मात पाहिली नाहीत.

उद्या त्यांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मग सोमवारपर्यंत इप्सविचला आत्याकडे. म्हणजे गाडी आणि मी, चार दिवस एकट्या.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

ऑपरेशन छान झालं. आत्याचा फोन होता: तुझा बाप माझ्या सुरकुत्या मोजतोय.

मी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं, चोरासारखं. बॅटरी सोडवायला पंधरा मिनिटं लागली, त्यातली बारा नुसती बघण्यात गेली. या गाडीत सगळं उलटं आहे. बॅटरीची अधिक बाजू गाडीच्या अंगाला जोडलेली. नॉर्मननी तीनदा बजावलं होतं, तरी पाना दुसऱ्या पत्र्याला टेकला आणि ठिणगी उडाली. मी किंचाळले. शेजारच्या कुत्र्याने उत्तर दिलं. मग सुटलेल्या वायरीचं टोक भांडी पुसायच्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, न जाणो स्वतःहून उडी मारून जोडली गेली तर.

डॅशबोर्डची पाटी चार स्क्रूंवर पुढे येते. मागे वायरींचा गुंता, वर पन्नास वर्षांची धूळ आणि एक वाळलेला कोळी. प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी लावली. डबी सापडली. तिला हात न लावता आत येऊन चहा घेतला आणि आज पुरे म्हटलं.

शनिवार, ७ सप्टेंबर

डबी उघडली. पत्र्याचे चार कान वळवून बंद केलेली होती. कान आधी एकदा कुणीतरी उघडून परत वळवलेले वाटले, कडेला पक्कडीचे ओरखडे होते. आत बारीक तार गुंडाळलेली एक पट्टी आणि एक इवलासा स्क्रू. स्क्रूच्या डोक्यावर लाल रंगाचा थेंब, वाळून कडक झालेला. कारखान्यातली खूण असणार. नेलकटरच्या टोकाने तो खरवडून काढला, कारण त्याशिवाय स्क्रू फिरेना.

नॉर्मनना सांगितलं तर म्हणाले, "लाल? कारखान्यातून असं येत नाही बुवा. आधीच्या कुणा मालकाने हात घातलेला दिसतोय."

आधीचं कोण? गाडी बाबांनी नवी घेतली होती.

दुपारी बॅटरी जोडून पाहिली आणि नाकात जळका वास. दिव्याची एक वायर पाटीमागे चेमटली होती, तिच्यातून धुराची रेघ निघाली. मी बॅटरीवर अक्षरशः झडप घातली. काही झालं नाही, वायरीचं दोन बोटं कातडं जळलं, एवढंच. तरी तासभर तिथेच पाण्याची बादली घेऊन बसले. विजेवर पाणी टाकायचं नसतं हे बादली भरल्यावर आठवलं.

रविवार, ८ सप्टेंबर

झालं! स्क्रू पाऊण फेरा फिरवला, मीटरवर सरासरी दहा. पेट्रोलच्या टाकीत बांबूची काठी बुडवून पाहिली: सव्वादोन गॅलनच्या आसपास. आणि काल शून्यावर मेल्यासारखा पडलेला काटा हळूहळू उठला आणि पावाच्या थोडा पुढे जाऊन थांबला. टाकी सात गॅलनची, म्हणजे अगदी बरोबर. इंजिन चालू केलं तर तापमानाचा काटाही शहाण्यासारखा मधोमध आला. पाणी गळत होतं ती नळी नॉर्मननी काल येऊन बदलली आहे.

आता दोन्ही काटे खरं बोलतात. बाबांच्या गाडीत निदान एवढं तरी मी सुरक्षित केलं. खूप दिवसांनी आज छातीतली धडधड थांबली आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर

बाबा काल आले. आज डॉक्टरांना लांबून गाडीची नंबरप्लेट वाचून दाखवली, गाडी चालवायला मोकळे. तडक गॅरेजमध्ये. मी सिंकपाशी उभी राहून कान देत होते. आले ते माझ्याकडे रोखून बघत.

"पेट्रोल भरलंस का तू?"

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. आता सांगितलं नाहीस तर पुन्हा जमणार नाही.

"हो," मी म्हटलं. "थोडंसं."

"शहाणी पोर," म्हणाले आणि माझी पाठ थोपटली.

बावन्न वर्षांची आहे मी. बापाच्या आवाजाला घाबरून खोटं बोलले. रविवारी जेवताना शांतपणे सांगेन. रविवारी ते मऊ असतात.

बुधवार, ११ सप्टेंबर

नवा डोळा काय मिळाला, बाबांना घरात बसवेना. सकाळी क्लॅक्टन, दुपारी कोल्चेस्टर. "बेव्ह, झाडांना पानं आहेत गं! एकेक वेगळं!" डोळ्यात थेंब घालताना माझ्याकडे निरखून पाहून म्हणाले, "तूसुद्धा म्हातारी झालीस की." मी म्हटलं, दुसरा डोळा करूच नका.

संध्याकाळी काटा पाहिला. शून्यापासून केसभर वर. उद्या वाटेत पंपावर भरतीलच म्हणा, पंप वाटेवरच आहे. तरी विचारलं.

"अजून दोन गॅलन आहेत," ते म्हणाले. "आणि वर तू घातलेलं."

तापमानाचा काटा मात्र मधोमध होता. त्याच्याकडे बघून बरं वाटलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर, दुपारी पावणेचार

बाबा दोन वाजता बेटावर गेले. रस्ता चार पन्नासला बंद.

टेबलावर डोळ्यात घालायच्या थेंबांची बाटली राहिली आहे. चारला घालायचे होते.

आत्ता नॉर्मनचा फोन येऊन गेला. काटे कसे आहेत म्हणाले. मी फुशारकीने सांगितलं, अगदी खरे. तर चघळणं थांबवून म्हणाले, "आणि तुझ्या बाबांना, लेनर्डला, सांगितलंस ना? हे जुने गाडीवाले काट्याचा खोटेपणा पाठ करून बसतात. काटा खरा झाला की तेच अडकतात."

केसभर वर होता. आणि मी घातलेलं काहीच नाही.

पबमध्ये फोन केला. बाबा नुकतेच थडग्याकडे गेले, तिथून परस्पर घरी. निघते.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काल रात्री लिहिता आलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोळे मिटले की ते पाणीच दिसतं.

माझ्या छोट्या गाडीत पंपावरून पाच लिटरचा कॅन भरून घेतला. पुढे एकजण लॉटरीचं तिकीट निवडत होता, त्याने सहा मिनिटं खाल्ली. त्या माणसाला मी आयुष्यभर विसरणार नाही. रस्त्याच्या टोकाला पोचले तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दूर, बरोबर मध्यावर, हिरवी गाडी उभी. बॉनेट उघडं. बॉनेटमध्ये डोकं घालून बाबा.

मी या रस्त्यावर चाळीसच्या आत वेग ठेवते, तेही ओहोटीला, तेही ऊन असेल तर. काल पासष्टने गेले. दोन्हीकडच्या चिखलातल्या ओहळांतून पाणी आत येत होतं, आवाज न करता, घाईसुद्धा न करता.

"पेट्रोल!" मी खिडकीतून ओरडले. "पेट्रोल संपलंय!"

"छे!" बाबांनी वरही पाहिलं नाही. बाह्या काळ्या झालेल्या. "पंप अडकलाय. पेट्रोल आहे. दोन गॅलन आहेत."

"नाहीत, बाबा."

"काटा आत्ता कुठे शून्यावर आलाय. मला सांगतेस? तीस वर्षं—"

"काटा मी दुरुस्त केला!"

त्यांनी वर पाहिलं.

"तुम्ही आत्याकडे होतात तेव्हा. आता शून्य म्हणजे शून्य. आणि मी पेट्रोल घातलंच नव्हतं. खोटं बोलले."

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उभे राहिले, हातात पाना. त्यांच्या बुटांच्या तळव्याखाली पाण्याची चकचकीत पातळ पट्टी सरकत आली, तिकडे त्यांचं लक्षही नव्हतं.

कॅन ओतला. अर्धं माझ्या स्कर्टवर. बाबांनी स्टार्टर मारला, परत मारला. कोरडी पडलेली नळी भरायला वेळ लागतो. इंजिन खोकलं, धरेना. बॅटरी दमत चालली. पाणी माझ्या घोट्यापर्यंत आलं, इतकं थंड की पायांना वाटलं कुणी पकडलंय.

"सोडा गाडी, बाबा."

"एकदा अजून."

"बाबा, पाणी!"

"एकदाच."

ते त्या काट्याकडे बघत बसले होते. गाडीकडे नाही, समुद्राकडे नाही, काट्याकडे. मी दार उघडून त्यांचा दंड धरला आणि ओढलं. बापाला असं ओढेन असं कधी वाटलं नव्हतं. चिरगुटासारखे हलके झालेत ते.

रस्ता वळवता येण्याएवढा रुंद नाही. म्हणजे मैलभर उलटं जायचं. मला सुपरमार्केटच्या पार्किंगमधूनही गाडी धड मागे घेता येत नाही. मागच्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला होता, दिसत होते फक्त दोन्ही बाजूंचे खांब. मी रडत होते आणि मोठमोठ्याने खांब मोजत होते. बाबांनी सीटवर गुडघे टेकून, मागे वळून, नव्या डोळ्याने रस्ता सांगितला. "डावीकडे. जरा डावीकडे. सरळ. छान चाललंय तुझं, बेव्ह. सरळ." लहानपणी सायकल शिकवताना असायचा तसा आवाज.

टॉल्सीच्या शेतकऱ्याने आज पहाटेच्या ओहोटीला ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. पाणी सीटपर्यंत चढलं होतं. डॅशबोर्डला लागलं नाही.

बाबा कालपासून एक शब्द बोललेले नाहीत. थेंब घालताना डोळा वर करतात, तेवढंच.

शनिवार, १४ सप्टेंबर

आज न्याहारीला टोस्टवर लोणी लावता लावता विचारलं, "स्क्रूवरचं लाल काय केलंस?"

"खरवडलं."

त्यांनी मान हलवली. मग सगळं सांगितलं, टोस्ट तसाच हातात धरून.

एकोणनव्वद साली बाबा आणि आई याच रस्त्यावर पेट्रोल संपून अडकले होते. आईला पोहता येत नव्हतं. खांबावरच्या लाकडी फळीवर दोघं सहा तास बसली. त्यावरून घरी भांडण झालं, बाबा म्हणाले काटा बघत बसायला मी काय नवशिका आहे? आई गप्प बसली. मग पंधरा दिवसांनी बाबांनी टाकी भरली तेव्हा काटा शून्यावर होता, पण सातऐवजी पाचच गॅलन मावलं.

"लग्नाआधी ती चेम्सफर्डला रेडिओच्या कारखान्यात होती ना," बाबा म्हणाले. "तिथे बायका एकेक स्क्रू लावून झाला की वर लाल थेंब सोडायच्या. लागला, आता कुणी हात लावू नका. मी डबी उघडून बघितली, आत थेंब. बाटली फळीवर. बंद करून ठेवली परत."

"तिला विचारलं नाहीत?"

"काय विचारायचं? मला सांगितलं असतं तर मी भांडलो असतो. म्हणून तिनं काट्याला सांगितलं."

"आणि तुम्ही शून्याखाली जायला लागलात!"

"ती असताना कधी नाही," बाबा एकदम म्हणाले. "एकदासुद्धा नाही. काटा शून्याला यायच्या आत भरायचो, तिला कळू न देता. ती गेल्यावर जायला लागलो." टोस्ट ताटलीत ठेवला. "तिचं तेवढंच उरलं होतं गं वापरायला. दर गुरुवारी वाटायचं, बसलीय शेजारी."

मला माफी मागायची होती. मी उठून त्यांच्यासाठी दुसरा टोस्ट भाजला, कारण पहिला गार झाला होता.

रविवार, २९ सप्टेंबर

गाडी गोड्या पाण्याने धुऊन, सीटा वाळवून, नळ्या साफ करून परत चालती झाली. नॉर्मननी तीन दिवस दिले. आज गॅरेजमध्ये आम्ही तिघं. पाटी मी पुढे घेतली, वायरी माझ्याच, चिठ्ठ्या अजून तशाच. डबी उघडून स्क्रू पाऊण फेरा मागे घेतला. काठीने मोजून टाकीत दोन गॅलन, काटा बरोबर शून्यावर आला.

"पन्नास वर्षांच्या धंद्यात," नॉर्मन म्हणाले, "चांगला काटा बिघडवायला कुणी बोलावलं नव्हतं."

"मग तापमानाचा काटाही थंडच दाखवणार," मी म्हटलं. ती भीती काही गेलेली नाही.

त्यावर नॉर्मननी खिशातून एक वेगळं तापमानाचं घड्याळ काढलं, विजेवाचून चालणारं, नुसती नळी इंजिनापर्यंत जाते. ते स्टिअरिंगखाली बसवलं. ते खरं बोलेल. जुन्या दोघांना त्यांचं बोलू द्या, म्हणाले.

नेलपॉलिश तळाशी चिकट झालं होतं. त्यात दोन थेंब अ‍ॅसिटोन घालून हलवलं. ब्रश मी बाबांच्या हातात दिला. मी त्यांचं मनगट धरलं. थेंब स्क्रूच्या डोक्यावर बसला, जरासा वाकडा.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

बाबांबरोबर मीही बेटावर गेले. निघताना बाबांनी किल्ली पुढे केली. मी नको म्हटलं, तर तेच चालवायला बसले. काटा शून्यापासून बोटभर वर. पंप जवळ आला. मी काही बोलले नाही. बोलायचं नाही असं सकाळीच ठरवलं होतं, आणि न बोलणं किती कठीण असतं ते आईला माहीत असणार.

पंपाच्या पन्नास पावलं आधी बाबांनी डावीकडचा दिवा लावला आणि गाडी आत घेतली.

टाकी भरेस्तोवर ते नळी धरून उभे होते. बावीस लिटरवर पंप खट्कन थांबला. बाबांनी तो आकडा वाचला. पुटपुटत गॅलन केले. पाच, म्हणाले. मग झाकण घट्ट लावून पैसे द्यायला आत गेले.